पप्पांनी प्रार्थना थांबवली तेव्हा

आई गेल्यावर पप्पा लातूरचं घर बंद करून आमच्याकडे नांदेडला राहायला आले. त्यांनी प्रार्थना करायची सोडली आहे, हे सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती तेव्हा नववीत होती. जेवायला बसलं की ती म्हणायची, "आबा, प्रार्थना करा." पप्पा म्हणायचे, "तूच कर." सुरुवातीला तिला मोठेपण मिळाल्यासारखं वाटलं. मग एका संध्याकाळी ती ओट्याजवळ येऊन मला हळूच म्हणाली, "मम्मी, आबा डोळेपण मिटत नाहीत."

मी तिला म्हटलं, आबा थकलेत, त्यांना त्रास देऊ नकोस. पण त्या दिवसापासून माझेही डोळे मिटेनासे झाले. मुलगी प्रार्थना करायची आणि मी पापण्यांच्या फटीतून पप्पांकडे बघायची. ते ताटाकडे बघत बसलेले असत. चेहऱ्यावर राग नसायचा, रडवेलेपणाही नसायचा. स्टँडवर गाडी लागायची वाट बघत माणूस बसतो तसे ते आमेन होईपर्यंत बसून राहायचे आणि मग पहिला घास घ्यायचे.

पप्पा चर्चचे पाळक होते. लातूर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांमध्ये त्यांची सगळी सेवा गेली. दर चारदोन वर्षांनी बदली व्हायची, टेंपोत सामान चढायचं, आणि नव्या गावात उतरलो की चूल पेटायच्या आधी पप्पा रिकाम्या खोलीत उभं राहून प्रार्थना करायचे. ते कशासाठीही प्रार्थना करत. कुणाची म्हैस पान्हा सोडेना, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत धावताना पडला, कुणाच्या बोअरला पाणी लागेना. लोक दारात येऊन सांगायचे आणि पप्पा तिथंच, पायात चपला असताना, डोळे मिटायचे. आमच्या घरात देव हा पप्पांच्या ओळखीतला होता. कचेरीत आपलं माणूस असलं की जसं निर्धास्त वाटतं, तसं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. परीक्षा असो, शाळेतली नोकरी असो, बाळंतपण असो, पप्पांच्या कानावर घातलं की माझं काम संपलं. स्वतः गुडघे टेकायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही.

आईच्या पोटात गाठ निघाली ती त्याच वर्षी, उन्हाळ्यात. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला आणि पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका. त्यानंतरच्या रविवारी पप्पांच्या एका जुन्या मंडळीतले लोक टेंपो करून लातूरला आले. चाकूरजवळच्या गावातले. तिथलं चर्च पप्पांनीच लोकांना गोळा करून बांधलेलं. आईसाठी त्यांनी उपास धरला होता, बायाबापड्या उपाशी पोटी आल्या होत्या. लातूरच्या चर्चमधली भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, संपत आली तेव्हा पप्पा उठून पुढे गेले. ते निवृत्त झालेले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हात वर करून त्यांनी सांगितलं की प्रभूनं आपल्याला खात्री दिली आहे, ती बरी होईल आणि याच जागी उभी राहून साक्ष देईल. लोक रडले. मीही रडले, पण सुटल्यासारखं होऊन. डॉक्टरांचं बोलणं मी त्या क्षणी मनातून काढून टाकलं. पप्पा असं उगाच बोलणारे नव्हते.

आई पोळ्याच्या आसपास गेली.

मातीच्या दिवशी पप्पा ताठ उभे होते. गीतांचे शब्द त्यांना तोंडपाठ होते, तेच लोकांना धीर देत होते. म्हणून मला वाटलं की हे सावरतील. नांदेडला आल्यावर पहिले दोन रविवार ते आमच्याबरोबर चर्चला आले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, गुडघे दुखतात. मग दर रविवारी गुडघे दुखायला लागले. एरवी ते रोज सकाळी चालत गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन यायचे.

चर्चमध्ये लोक विचारायचे, पाळकसाहेब दिसत नाहीत? मी म्हणायची, गुडघे. हे म्हणून मी पटकन पुढे सरकायची. खोटं बोलते म्हणून नाही, तर कुणाला खरं कळलं तर काय होईल म्हणून. ज्या माणसानं इतक्या लोकांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, माती दिली, तो आता डोळे मिटत नाही, हे बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील, याची मला फिकीर होती. त्याहून मोठी भीती आत होती आणि ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पप्पांनाच जर तिकडून काही ऐकू येत नसेल, तर मी कशावर उभी होते?

मी स्वतःला तपासायला लागले. शाळेत जाताना रिक्षा पुलावर आली की मनात प्रार्थना सुरू करायची. शब्द यायचे, भरभर यायचे, पण थोडं पुढे गेलं की कळायचं, ही वाक्यं पप्पांची आहेत. आवाजही त्यांचाच. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या' म्हणायची त्यांची लकब, मध्ये श्वास घ्यायची जागा, सगळं त्यांचं. ते बाजूला काढलं तर माझं असं काहीच उरत नव्हतं. वर्गात फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढताना मध्येच मी खडू खाली ठेवायची. मी खिडकी उघडायला सांगायची आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

नवऱ्याला मी अर्धवट सांगितलं. तो रेल्वेच्या ऑफिसात आहे, शांत माणूस. तो म्हणाला, बायको गेलीय त्यांची, वर्षभर तरी त्यांना काही विचारू नकोस. शेजारच्या काकू माहूरला दर्शनाला जाऊन आल्या, तर प्रसाद घेऊन आमच्या दारात. म्हणाल्या, तुमच्या वडिलांसाठी रेणुकामातेला बोलून आले, माणसाचं मन असं उडू नये. मी प्रसाद घेतला आणि त्यांचे आभार मानले. दार लावल्यावर मला त्यांचा हेवा वाटला. गडाच्या एवढ्या पायऱ्या चढून त्या माझ्या वडिलांसाठी बोलून आल्या होत्या आणि त्यांना जराही शंका नव्हती की कुणी ऐकलं की नाही.

शेवटी एका दुपारी मी पप्पांना विचारलंच. ते गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही प्रार्थना का करत नाही?"

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाले, "त्या दिवशी चर्चमध्ये मी जे बोललो, ते त्याचं होतं की माझं, हे मला आधी कळू दे. तोवर त्याच्यापुढं तोंड उघडायची मला लाज वाटते."

"पण मग आम्ही काय करायचं?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी पंचेचाळिशीची बाई, आणि आवाज पाचवीतल्या मुलीसारखा लागला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बहुतेक पहिल्यांदाच कळलं की मी घाबरले आहे. त्यांनी पुढची शेंग उचलली.

माघ महिन्यात चाकूरजवळच्या त्याच गावातून फोन आला. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पंचाचा होता. उपकारस्तुतीचा सण ठरला होता. पीक घरात आलं की तिथले लोक पहिला वाटा चर्चमध्ये आणून देवापुढे ठेवतात, मग त्याचा लिलाव होतो आणि सगळ्यांची पंगत बसते. पंच म्हणाले, या साली उपदेशाला पाळकसाहेबच पाहिजेत, नव्या पाळकांनाही तसं सांगितलंय. मी म्हणणारच होते की त्यांचे गुडघे दुखतात. तेवढ्यात पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "येतो."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पप्पा काय बोलणार? इतके महिने तोंड न उघडलेला माणूस, आणि समोर तेच लोक, ज्यांनी उपास धरून आईसाठी लातूर गाठलं होतं. नेहमीसारखं बोलले तर ते खोटं ठरेल आणि ते मला ओळखू येईल. खरं बोलले तर काय होईल याचा विचारच करवत नव्हता. मी दोनदा विचारलं, उपदेश कशावर करणार? दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."

रविवारी आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. पप्पा आणि मी, दोघंच. लोह्याला गाडी थांबली तेव्हा पप्पांना थंडी वाजत होती, म्हणून मफलर काढायला मी त्यांची पिशवी उघडली. मफलर होता, पाण्याची बाटली होती, गोळ्यांचं पाकीट होतं. बायबल नव्हतं. मी पिशवीत तळापर्यंत हात घालून बघितलं.

"पप्पा, बायबल राहिलं घरी."

"राहिलं नाही. ठेवलंय."

मी म्हटलं, "मग?"

"त्यात माझ्या सगळ्या खुणा आहेत. प्रत्येक पानाच्या कडेला काही ना काही लिहिलंय. ते हातात आलं की मी तेच बोलणार, जे इतकी वर्षं बोलत आलो." त्यांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला. "तिथं कुणाचं तरी मिळेल."

अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना हरभरा काढून टाकलेला होता, मध्येच कुठं करडई पिवळी दिसायची. मला परत फिरावंसं वाटत होतं. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडकडे जाणारी गाडी शेजारी लागली होती. मी मनात म्हटलं, पप्पांना म्हणावं, मला बरं वाटत नाही. पण आमचीच गाडी आधी सुटली.

चाकूरच्या फाट्यावर पंच जीप घेऊन आले होते. पप्पांचा चुलतभाऊही त्यांच्याबरोबर होता. माझे काका. आमच्या पणजोबांच्या मुलांपैकी एकानं ख्रिस्ताचा मार्ग धरला आणि दुसऱ्यानं छप्पन सालानंतर बुद्धाचा, त्यामुळं आमच्या भावकीत सलाम आणि जयभीम दोन्ही चालतात. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सणाच्या पंगतीला ते दरसाल येतात, भक्तीच्या वेळी बाहेर लिंबाखाली बसतात. त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाटभर आईबद्दल एक शब्द काढला नाही. मला बरं वाटलं.

चर्च भरलं होतं. पुढे सतरंजीवर सोयाबीन आणि तुरीची पोती, ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या, दोन भोपळे, गुळाची ढेप, आणि पाय बांधलेल्या तीनचार कोंबड्या. पोरींनी दाराला कणसांचं तोरण लावलं होतं. नवे पाळक तरुण होते, तिशीतले. त्यांनी पप्पांना वाकून सलाम केला आणि स्वतःची खुर्ची दिली. पेटी-ढोलकीवर गीतं झाली. मी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते.

पप्पा उठले. त्यांनी तरुण पाळकांकडं बायबल मागितलं, चष्मा लावला आणि एक स्तोत्र वाचायला सुरुवात केली. मला ते स्तोत्र माहीत होतं, पण आमच्याकडं ते कधी कुणी मोठ्यानं वाचत नाही. त्यात एक माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो आणि त्याला उत्तर येत नाही. बाकीच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी उजेड दिसतो, यात दिसत नाही. पप्पांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"इथं संपतं हे. पुढं काही नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मी यावर कधी उपदेश केला नाही. मला वाटायचं, हे चुकून आत राहिलंय."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"तुम्ही उपाशी पोटी लातूरला आलात. मी तुम्हाला देवाच्या नावानं सांगितलं की ती बरी होईल. मी खूप विचार केला. देव मला तसं काही बोलला नव्हता. मला ती पाहिजे होती, म्हणून मी बोललो आणि नाव त्याचं घेतलं." त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. आज सण आहे. उपकारस्तुती तुम्ही करा. मी ऐकतो."

एवढं बोलून ते खाली उतरले. खुर्चीकडं गेले नाहीत, पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर जागा करून बसले.

चर्चमध्ये कुणी हललं नाही. एका कोंबडीनं पंख फडफडवले. तरुण पाळक उभे राहिले, त्यांनी पेटीवाल्याकडं बघितलं, पेटीवाला बोटं स्वरांवर ठेवून नुसता बसला होता. मला पप्पांची लाज वाटली, आणि त्याच वेळी त्यांच्या अंगावर कुणी एक शब्द टाकला तर मी उठून भांडेन असंही वाटलं. त्यांची पाठ मला दिसत होती. शर्टाची कॉलर मफलरखाली दुमडली होती. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि असं काही करणारा माणूस आमच्यात नेहमी एकच होता आणि तो आता खाली बसला होता.

मी कधी उठले मला आठवत नाही. चारचौघांत मी आजवर एकदाही प्रार्थना केली नव्हती. घरात पाळक असताना आम्हाला कोण विचारणार? मला स्वतःचं एकही वाक्य सुचेना, म्हणून मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. येशूनं शिकवलेली, लहान मुलंही म्हणतात ती. पहिल्या ओळी निघाल्या. मग जिथं त्याच्या इच्छेप्रमाणे होवो असं येतं, तिथं मी थांबले. मला आईचे हात दिसले, सलाईननं सुजलेले. ते शब्द माझ्या तोंडातून बाहेरच येईनात. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं ठेवून.

बायकांमधून कुणीतरी ती ओळ उचलली. मग दुसरं कुणी. बघता बघता सगळं चर्च माझ्या पुढे निघून गेलं, रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत पोचलं, क्षमेच्या ओळीपर्यंत पोचलं. मी मागे पडले होते. आमेनच्या जवळ कुठंतरी मी परत त्यांच्यात मिसळले. पप्पा काही म्हणत होते की नाही, मला मागून कळलं नाही.

त्यानंतर सणाचा कार्यक्रम कसाबसा पुरा झाला. लिलावात नेहमीसारखी मजा आली नाही. पंगत बसायच्या आधी तरुण पाळकांनी मला बाजूला बोलावलं. ते रागावले नव्हते, पण अस्वस्थ होते. म्हणाले, साहेबांबद्दल मला आदर आहे, पण इथं नव्यानं विश्वासात आलेली कुटुंबं आहेत. गावात आधीच त्यांना चार लोक चार गोष्टी बोलतात. त्यांनी आज काय घेऊन घरी जायचं? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, तोच प्रश्न मी इतके महिने उशाशी घेऊन झोपत होते. पंचांनी पप्पांना ताट आणून दिलं, पण त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मागच्या ओळीत बसलेली एक बाई, जिचं लग्न पप्पांनीच लावलं होतं, ती त्यांना सलाम न करता पोरांना घेऊन निघून गेली. पप्पांनी ते बघितलं.

जेवणं झाल्यावर पप्पा बाहेर काकांजवळ लिंबाखाली जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. दार उघडंच असल्यामुळं काकांनी सगळं ऐकलं होतं.

पप्पा त्यांना म्हणाले, "तुझं बरं आहे. तुला कुणापुढं हात जोडून उत्तराची वाट बघावी लागत नाही."

काकांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "आमचं काय सोपं हाय व्हय? माझा पोरगा गेला तवा मी कुणाला बोलू? विहारात जाऊन गपगुमान बसायचो. मनाला समजावायचो." ते पप्पांकडं वळले. "तुला भांडायला तरी कोनी हाय. मग भांड की. गप कशाला बसायलास?"

पप्पा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी तांब्या उचलला आणि उगाच हापशाकडं गेले, कारण मला रडू येत होतं.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. लोह्याच्या पुढं आल्यावर पप्पा एवढंच म्हणाले, "तू उठलीस, बरं झालं." मी म्हटलं, "मला पूर्ण म्हणता आलं नाही." ते म्हणाले, "मी ऐकत होतो."

मला वाटलं होतं की आता सगळं सुरळीत होईल. तसं काही झालं नाही. पप्पा रविवारी चर्चला यायला लागले, पण सगळ्यात मागे, दाराजवळ बसायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठायचे. त्या गावातला प्रकार नांदेडपर्यंत पोचला होता. कुणी मुद्दाम येऊन हात मिळवायचं, कुणी मुद्दाम टाळायचं. एका बाईनं मला विचारलं की तुझ्या वडिलांचा विश्वास गेला म्हणतात, ते खरं का? मी म्हटलं, ते मागे बसलेत, त्यांनाच विचारा.

रिक्षात माझी प्रार्थना चालूच होती, पण तिची तऱ्हा बदलली. मी पप्पांची वाक्यं वापरायची सोडली आणि त्याबरोबर बहुतेक शब्दच गेले. पूल ओलांडेपर्यंत एखादं वाक्य व्हायचं. 'मला भीती वाटते' एवढंच. कधी तेही नाही. ऐकलं गेलं असं मला कधी जाणवलं नाही. तरी पूल आला की मी सुरू करायची.

मे महिन्यात एका सकाळी पप्पांना फोन आला. सणाच्या दिवशी सलाम न करता निघून गेलेली तीच बाई होती. तिच्या नवऱ्याला शेतातच छातीत दुखलं होतं, लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं, परिस्थिती कठीण होती. पप्पांनी स्पीकर लावला होता म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "समदेच यायलेत आन् म्हणायलेत, बरा हुईल, बरा हुईल. तुम्ही या. पर तुम्ही तसं म्हनू नका."

शाळेला सुट्ट्या होत्या, मी त्यांच्याबरोबर गेले. लातूरच्या त्या दवाखान्यात शिरताना मी रस्त्याकडे वळून बघितलं. आईला ठेवलं होतं ती इमारत त्याच रस्त्यावर. पप्पांनी मात्र मान वर करून बघितलं नाही. ती बाई अतिदक्षता विभागाच्या बाहेर, बाकड्यावर न बसता खाली फरशीवर बसली होती. जवळ डबा होता, न उघडलेला. पप्पा तिच्याजवळ खाली बसले. गुडघे खरंच दुखत असावेत, बसताना त्यांनी भिंत धरली.

नर्स आत-बाहेर करत होत्या. मग ती म्हणाली, "करा प्रार्थना."

मी पप्पांकडे बघितलं. माझे हात नकळत एकमेकांत गुंतले होते. पप्पा म्हणाले, "काय म्हणू?"

"म्हना, भ्याव वाटायलंय."

पप्पांनी डोळे मिटले. त्यांचा उपदेशाचा आवाज सगळ्या जिल्ह्याला माहीत होता, शुद्ध, भारदस्त. तो आला नाही. ज्या बोलीत ते माझ्या लहानपणी आजीशी बोलायचे, आणि आम्हाला शाळेसाठी जी बोलू द्यायचे नाहीत, त्या बोलीत ते म्हणाले, "देवा, हिला भ्याव वाटायलंय. मलाबी वाटतंय. तू हितं हाईस का न्हाईस, ते आमाला दिसंना. तरी तुलाच सांगायलोय. ह्याचा जीव वाचव. वाचवणार नसशील तर हिला एकटी सोडू नकोस, जसं मला वाटलं तसं हिला वाटू देऊ नकोस. आमेन."

त्यात दयाळू स्वर्गीय पिता नव्हता, श्वास घ्यायच्या ठरलेल्या जागा नव्हत्या. बाईनं पदर तोंडाला लावला आणि आमेन म्हणाली. मीही म्हणाले.

तिचा नवरा वाचला. डॉक्टरांनी नळी टाकली, औषधं दिली, आणि महिन्याभरात तो काठी घेऊन अंगणात चालायला लागला. गावच्या पंचांचा पुन्हा फोन आला, पाळकसाहेबांनी येऊन साक्ष द्यावी, देवानं प्रार्थना ऐकली म्हणून सांगावं. पप्पांनी नाही म्हटलं. म्हणाले, "त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. त्याच्या बायकोजवळही मी बसलो होतो." पंचांना ते आवडलं नाही. पण त्या बाईनं कुणाबरोबर तरी पप्पांसाठी शेवग्याच्या शेंगांची जुडी पाठवली.

पावसाळ्याच्या तोंडावर पप्पांनी लातूरचं घर उघडायचं ठरवलं. मी नको म्हटलं, एकटे कसे राहाल म्हणून भांडले. ते म्हणाले, तिकडं लोक दवाखान्यात असतात, नांदेडहून जाणं-येणं होत नाही. मी त्यांना सोडायला गेले, दिवसभर झाडलोट केली, आईच्या साड्यांचं कपाट पुसलं. संध्याकाळी ते मला स्टँडवर पोचवायला आले. गाडीची वाट बघताना मी इतके दिवस मनात धरून ठेवलेलं विचारलं.

"पप्पा, तो माणूस गेला असता तर?"

"तर मातीला गेलो असतो."

"आणि मग? परत प्रार्थना बंद झाली असती?"

मला वाटलं, ते म्हणतील, नाही. पूर्वीचे पप्पा तसं म्हणाले असते आणि मी निर्धास्त झाले असते. ते म्हणाले, "माहीत नाही, बाळा." मग नांदेडची गाडी लागली आणि त्यांनी पुढे होऊन खिडकीतून माझी पिशवी जागेवर ठेवली.